तिसरी खोली

प्रिय मोहिनी,

ट्रॅव्हल्सवाल्याकडं दिलेलं सीताफळांचं खोकं मिळालं असेल. वरची पिकलेली आधी खा, खालची पोत्यात गुंडाळून ठेव. फ्रीजमध्ये घालून त्यांचं वाटोळं करू नकोस. हे पत्र मुद्दाम तळाशी घातलंय. खोकं उपसायचा कंटाळा रविराजला लहानपणापासूनचाच, तेव्हा ते तुझ्याच हाती लागणार. फोनवर बोलले असते गं, पण तुमच्या घरात फोन कायम स्पीकरवर. रविराज मध्येच बोलतो, नातबाई सायली मध्येच ओरडते आणि सासूनं सुनेला चार शब्द सांगायचे म्हटले तर गावजेवण होतं.

इकडं आम्हा नवरा-बायकोचं बेस चाललंय. दादा सकाळी किल्ल्याकडं फिरायला जातात आणि येताना कुणाला तरी चहाला पकडून आणतात. मी अंगणवाडीतून रिटायर झाले, तरी पोरं अजून 'बाई' म्हणत दारात येतात, फुटाणे घेऊन पळतात. धारूरात आम्ही दोघं एकटे पडलोय, असं मनात आणून तू झुरत बसू नकोस. आम्हाला इथं लई करमतं.

मागच्या आठवड्यात पुण्याला तुम्ही आम्हाला तो नमुन्याचा फ्लॅट दाखवायला नेलंत, त्याचं हसू मला अजून आवरत नाही. टायवाल्या पोरानं 'ही आईबाबांची खोली' म्हटलं आणि दादा पलंग कसा आहे ते बघायला म्हणून आडवे झाले. झाले ते झाले, घोरायलाच लागले! पलंग एवढासा, पाय पोटऱ्यांपासून बाहेर लोंबतायत आणि तो पोरगा आपला 'सर, सर' करतोय. रविराज लाजून चूर झाला. मी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाले. तिथं नळ सोडला तर पाणीच नाही. सगळा देखावा.

तिथंच तुमचं दोघांचं बोलणं कानावर पडलं. मी कान लावला नव्हता बरं का. त्या फ्लॅटला आत दारंच नव्हती, त्याला मी काय करू? रविराज म्हणत होता, दोन खोल्यांचा घेऊ, कर्ज आवाक्यात राहील, तू दवाखान्यातली नोकरी सोड आणि तो रस्त्यावरचा गाळा भाड्यानं घेऊन स्वतःचं फिजिओथेरपीचं सेंटर टाक. माझा लेक इतकं शहाण्यासारखं बोलतो हे मला नवीनच! आणि तू म्हणालीस, नाही, तीन खोल्यांचाच. सेंटरचं नंतर बघू. अगं बाई, नंतर म्हणजे कधी? त्या कर्जाचा हप्ता सायलीच्या लग्नापर्यंत चालणार. दोघांचे पगार त्याला जुंपलेले, एकालाही दम खायला जागा नाही. आणि येत्या रविवारी तुम्ही बुकिंगचे पैसे भरणार. एसटीत मी बोटांवर हप्ते मोजत बसले. दादा चार वेळा म्हणाले, काय मोजायलीस?

मोहिनी, तू पुढं जे बोललीस ते मी त्यांनाही सांगितलेलं नाही. तू म्हणालीस, 'आईंना जन्मात कधी स्वतःची खोली मिळाली नाही. माझ्या घरात मिळणार.' पोरी, कधीतरी तू माझे गुडघे चोळत असताना मी बोलून गेले असेन, की माहेरी काय आणि सासरी काय, स्वतःच्या हातानं दार लावून कधी बसले नाही. मी विसरूनही गेले. तू लक्षात ठेवलंस आणि त्याच्यापायी स्वतःचं सेंटर गुंडाळायला निघालीस! त्या कोरड्या नळापाशी उभी राहून मी रडले. माझ्या पोटच्या पोराला जे सुचलं नाही ते तुला सुचलं. पण मला ती खोली नको. गावी आल्या आल्या मी रविराजच्या जुन्या खोलीतली बियाण्याची पोती आणि मोडका कूलर बाहेर काढला, सुतार बोलावला आणि आतून कडी बसवून घेतली. आता रोज दुपारी आत जाते आणि कडी घालते. पहिल्या दिवशी दादा बाहेरून म्हणाले, चहा कुठं हाय? म्हटलं, स्वयंपाकघरात, करून घ्या. केला बाई त्यांनी! साखर भसाभसा ओतली, पण केला. तर माझ्या खोलीचं झालं. रविवारी दोन खोल्यांचा घ्या, नाहीतर सध्या भाड्यानंच राहा. आम्ही आलो की हॉलमध्ये गादी टाकू, सायलीच्या लाथा खाऊ. तो गाळा मात्र दुसऱ्या कुणी घ्यायच्या आत तू घे. हे सगळं आत कडी लावून लिहितेय. दादा दार वाजवतायत, वाजवू देत.

तुझीच,
कडीवाली आई