दांडीची सायकल

बाबा, मी सायकल घेतली. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि मला आता सत्तावन्नावं संपेल, म्हणजे परवानगी मागायला लिहीत नाहीये. सांगायला लिहितेय. दादरच्या एका दुकानात गेले तर काउंटरवरचा मुलगा विचारतो, "मुलासाठी बघताय का मॅडम?" म्हटलं नाही. "मग मिस्टरांसाठी?" म्हटलं, मुलगा नाही, मिस्टर नाहीत, मलाच हवीय. तो जरा गडबडला आणि पुढे बास्केट लावलेली, मध्ये खाली वाकलेली एक गुलाबी सायकल घेऊन आला. "ही साडीवर पण चालते." मी म्हटलं, मला दांडीची दे. त्याला दांडी कळेना. मी हाताने आडवी रेघ काढून दाखवली. "ओह, टॉप ट्यूब!" म्हणाला. मग त्याने काढलेल्या चारपाच सायकलींतली गडद हिरवी मी निवडली. एकवीस गिअर, डिस्क ब्रेक, जाड टायर, आणि समोर सरळ, स्वच्छ दांडी. तोल माणूस कधी विसरत नाही म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. हिंदमातापर्यंत मी ती हातात धरून चालत नेली. तिथे फूटपाथच्या कडेला उभी राहिले, दोन बस जाऊ दिल्या, आणि बसले. परळपर्यंत दोनदा पाय टेकला. लालबागला पोचले तेव्हा पाठ घामाने भिजली होती आणि मी मोठ्याने हसत होते. बघणारे बघत होते.

तुमची काळी, उंच सायकल मला अजून तपशिलासकट आठवते. गिरणी दहा मिनिटांवर, तिथे तुम्ही चालतच जायचात. सायकल निघायची ती रविवारी आणि भजनाला. रविवारी सकाळी डिलाईल रोडच्या आपल्या चाळीखाली तुमच्या साचेखात्यातले, मागावरचे चारपाच दोस्त आपापल्या सायकली घेऊन जमायचे. सायकली उलट्या करायच्या, रॉकेलच्या फडक्याने चेन पुसायची, आणि मग कोणाची घंटी जास्त खणखणीत, कोणाच्या सीटची स्प्रिंग कुरकुरत नाही, कोणाचा डायनॅमो चाकाला जड करतो, यावर तासभर वाद. तुमच्या चाकाच्या मधोमध रंगीत केसांचं एक कडं होतं, चाक फिरलं की तो भाग आपोआप पुसला जायचा. ते कडं तुम्ही सगळ्यांना दाखवायचात. घरात तुम्ही दिवसाला दहा वाक्यं बोलत असाल. सायकलीजवळ तुम्हाला गप्प करावं लागायचं. मी गॅलरीत कठड्याला हनुवटी टेकून ते सगळं बघतेय, बारा वर्षांची, आणि मला वाटतंय की हा हसणारा माणूस कोण आहे?

मी सायकल शिकले ती तुमच्या रातपाळीच्या आठवड्यांत. दुपारी तुम्ही तोंडावर टॉवेल टाकून झोपलात की खिळ्यावरची किल्ली काढायची, जिन्याखालची सायकल सोडवायची आणि मागच्या बोळात न्यायची. सीटवर बसले तर पाय पोचायचे नाहीत, म्हणून दांडीखालून एक पाय घालून, अंग वाकडं करून चालवायची. त्याला आम्ही कैची म्हणायचो. गुडघे फुटले की आईला जिन्यावर पडले सांगायचं. तिने एकदाही जास्त विचारलं नाही. हळद लावायची आणि गप्प बसायची. तेरावं लागलं तोवर मी दांडीवरून पाय टाकून, अर्धं अर्धं पॅडल मारत चालवायला लागले होते.

मग तो दिवस. तुमची पहिली पाळी होती आणि डबा घरीच राहिला. आई म्हणाली, धावत जाऊन देऊन ये. मी धावत गेले नाही. डबा हँडलला अडकवला आणि सायकलवर निघाले, पहिल्यांदा मोठ्या रस्त्याने. तुम्हाला सांगते बाबा, मी ते तुम्हाला दाखवायला केलं. मला वाटलं होतं, तुम्ही दोस्तांना सांगाल, ही बघा माझी पोरगी. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झालेला, गेटवर ही गर्दी. मी घंटी वाजवत आले, ब्रेक मारला, एक पाय टेकून उभी राहिले. कोणीतरी ओरडलं, "अरे, तुजी पोरगी तुज्यापेक्षा जोरात येता!" सगळे हसले. ते हसणं वाईट नव्हतं. मी तेव्हाही ऐकलं होतं, आणि आजही सांगते, वाईट नव्हतं. पण तुमचा चेहरा काळा पडला.

"उतर," तुम्ही म्हणालात. "आदी खाली उतर. लाज वाटणा नाय तुका?"

मी म्हटलं, "बाबा, डबा."

तुम्ही डबा घेतलाच नाही. खाली बसलात आणि आधी पुढच्या, मग मागच्या चाकातली हवा सोडलीत. ती सगळी निघेपर्यंत बसून राहिलात. मग उठून म्हणालात, "आता चालत जा घराक. परत सायकलीक हात लावलंस तर हात मोडून ठेवीन." मी ती जड सायकल, चाकं बसलेली, डबा हँडलला हलतोय, डिलाईल रोडवरून ढकलत घरी आणली. दोन्ही बाजूच्या चाळींच्या गॅलऱ्यांत माणसं होती. एका बाईने वरून विचारलं, पंक्चर झाली काय गो? मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सायकलीला नवं कुलूप आलं आणि किल्ली जानव्यासारखी तुमच्या अंगावरच राहायला लागली. दोनेक वर्षांनी गिरणीच्या संपात सायकलच विकली गेली. तिच्यावर मी पुन्हा बसले नाही.

पुष्कळ वर्षं मी तुमची बाजू घेतली. काळ तसा होता, चाळीत लोक बोलायचे, तुम्ही तरी काय करणार. तुम्ही मला शिकवलंत, संपाच्या हालातसुद्धा माझी शाळा सोडू दिली नाहीत, हे मी नाकारत नाही. हॉस्पिटलात एक्स-रे काढायची माझी नोकरी लागली तेव्हा तुम्ही अख्ख्या मजल्यावर पेढे वाटलेत. परक्या पुरुषांच्या हाडांचे फोटो काढायला मला पाठवताना तुम्हाला लाज वाटली नाही, म्हणजे लाज काळाची नव्हती. काळाने माझ्या चाकातली हवा सोडली नाही, बाबा. तुम्ही सोडलीत. आता मी तुमची बाजू घेत नाही.

आई आता एक्याऐंशीची आहे. चाळ पाडून बिल्डरने टॉवर बांधला, आम्ही दोघी अकराव्या मजल्यावर राहतो. मी सायकल लिफ्टने वर आणून दारात उभी केली तर ती भिंतीला धरत बाहेर आली. "ही खयली?" म्हटलं, माझी. ती जवळ आली, दोन्ही हातांनी हँडल धरलं, ब्रेक दाबून बघितला, घंटी वाजवली. मग पॅडल पायाने उलटं फिरवलं, अगदी सरावाच्या माणसासारखं. मी बघतच राहिले. "गावाक असताना माका चालवूक येय," ती म्हणाली. "भावाची होती. बाजारापर्यंत जाय मी." मी विचारलं, बाबांना माहीत होतं? तिने पुन्हा एकदा घंटी वाजवली. "लग्नानंतर सांगितलंय एकदा. म्हणाले, हय कोणाक बोलू नको."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. घरात आधीच एक सायकल चालवणारी बाई आहे, हे माहीत असून तुम्ही त्या गेटवर माझ्यासमोर बसून दोन्ही चाकं रिकामी केलीत. आईने हे सांगितलं त्या दिवशी मी जेवले नाही. आई मात्र खुशीत होती. तिला खुर्चीत बसवून पॅसेजमध्ये मी चार फेऱ्या मारून दाखवल्या, तर म्हणते, "हँडल इतक्या घट्ट कित्याक धरतंस?"

आता माझे रविवार ऐका. सकाळी सातला आम्ही आठदहा जण गिरगाव चौपाटीला जमतो. मी भायखळा, नागपाडा, ऑपेरा हाऊस करत जाते. नरिमन पॉइंटपर्यंत फेरी झाली की कट्ट्यावर चहा आणि मग तेच, जे तुम्ही चाळीखाली करायचात. दादरची एक मुलगी आहे, तिशीतली, सीए. तिची सायकल कार्बनची, ती एका बोटावर उचलून दाखवते. गिरगावातल्या एका वाडीत राहणारे कॅथलिक अंकल आहेत, बँकेतून रिटायर झालेले. त्यांची सायकल त्यांच्या वडिलांची, तीन गिअरची, चेनवर पत्र्याचं झाकण, चामड्याची सीट. ती मुलगी वजनाचं बोलायला लागली की अंकल म्हणतात, "तुजी हलकी हाय, मान्य. पन माज्या सायकलला स्टँड हाय. तुला उभी करायला भिंत शोधायला लागते." ती म्हणते, "अंकल, आधी चेनला तेल घाला. तुम्ही निघालात की मला दादरला ऐकू येतं." मग दोघं माझ्याकडे वळतात. मी म्हणते, माझी ना हलकी, ना जुनी, पण लालबागच्या खड्ड्यांतून तुमच्या दोघांच्या आधी बाहेर पडते. टायरमध्ये हवा किती ठेवायची, जेलची सीट चांगली की कडक, डिस्क ब्रेक पावसात ओरडतो का, यावर आमचं एक तास भांडण चालतं. एकदा तिने मला तिची सायकल एक फेरी चालवायला दिली. पॅडलला पाय लावला न लावला तोच ती निघाली, समुद्र बाजूने नुसता मागे पळायला लागला. खोटं कशाला सांगू, हेवा वाटला. परत येऊन मी सांगितलं, ठीक आहे, पण सीट टोचते. अंकल एवढे हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला.

दीडदोन महिन्यांपूर्वी सोसायटीच्या सेक्रेटरीने मला लिफ्टच्या दारात अडवलं. तुमच्याच एका रविवारच्या दोस्ताचा मुलगा आहे, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. "ताई, लिफ्टमध्ये सायकल नको. टायरचे डाग पडतात."

"मी फडकं ठेवते. पुसते."

"तसं नाही हो. लोक बोलतात. या वयात तुम्ही ट्रॅक पँट घालून..." मग आवाज खाली आणून, "तुमचे बाबा असते तर काय म्हणाले असते?"

लिफ्टमध्ये आणखी दोघं होते. मी म्हटलं, "उतर म्हणाले असते. आणि मी उतरले नसते." मग सायकल आत घेतली. अकरावा मजला येईपर्यंत मी हँडल घट्ट धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी खाली बोर्डावर नोटीस लागली, लिफ्टमधून सायकल नेण्यास मनाई आहे. मी चष्मा लावून ती पूर्ण वाचली आणि सायकल लिफ्टने वर नेली. रोज नेली. आठवड्याने एका संध्याकाळी दार वाजलं. बाहेर सेक्रेटरीची बायको, हातात रिकामं पातेलं, जणू काही मागायला आलीय. तिने मागे वळून बघितलं आणि हळूच विचारलं, "ताई, मला येईल का हो शिकायला? पन्नाशी झालीय माझी." मी म्हटलं, शनिवारी सकाळी मैदानावर ये, चप्पल नको, बूट घाल. ती आली. पहिल्या दिवशी तीनदा पडली आणि तीनदा स्वतःच उठली. चौथ्या शनिवारी तिने मैदानाची अर्धी फेरी एकटीने मारली. नोटीस आता बोर्डावर नाही. कोणी काढली, मी विचारलेलं नाही.

हे पत्र पाठवायचं नाही. पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही उत्तर दिलं असतंत, आणि तुमचं उत्तर वाचायची मला गरज उरलेली नाही. वाचून झालं की फाडणार आहे. फक्त एक गोष्ट तुमच्या कानावर घालते. मैदानावर मी तिच्या सीटला मागून धरून धावत होते तेव्हा ती धापा टाकत, मान न वळवता ओरडली, "ताई, तुम्हाला कोणी शिकवली?" मी म्हटलं, बाबांनी. तिने ते घरी नवऱ्याला सांगितलं असणार. परवा तो लिफ्टमध्ये भेटला तर स्वतः दार धरून उभा राहिला आणि म्हणाला, "काकांनी शिकवली होती तुम्हाला? कमाल आहे, आम्हाला माहीतच नव्हतं." मी मान हलवली. त्याची जिरवायला मी ते मुद्दाम बोलले असं समजायला मला आवडलं असतं. पण मुद्दाम नव्हतं, बाबा. तिने विचारलं आणि माझ्या तोंडून तेच निघालं.