आधी मान थोरलीचा

८ जानेवारी
गुरुग्रामचे टॉवर संपून मोहरीची शेतं लागतात, तिथल्या स्टड फार्मवर आज मॅनेजर म्हणून रुजू झालो. पदवी नाही, घोडा मी पुस्तकांतून आणि लाथांतून शिकलो. तीन गाभण घोड्या: थोरली चंद्रप्रभा, मधली कस्तुरी, धाकटी मैना. चंद्रप्रभेची कांती अशी, की तिच्यात बघून भांग पाडावा. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार धीरज नागपूरकडचा. तोंडावर अण्णासाहेब म्हणतो, पाठ वळली की हेडमास्तर. ऐकू येतं मला.

१० जानेवारी
तिघींची अंगं बोटांनी चाचपली. कानांत, आयाळीत, शेपटीखाली. एक गोचीड नाही! मग लोहाचं इंजेक्शन. आमच्याकडे ओटी भरताना आधी मान थोरलीचा. म्हणून चंद्रप्रभेला कुंकू लावून पहिली टोचली, त्याच सुईने कस्तुरी, मग मैना. धीरज म्हणाला, अण्णासाहेब, सुया डबाभर पडल्यात यार. मी सुनावलं, हात हलका असला की एक पुरते.

२ फेब्रुवारी
चंद्रप्रभा व्याली. शिंगरू उभंच राहीना. हिरड्या हळदीसारख्या, मूत काळ्या कॉफीसारखं. गोचीडताप, दुसरं काय! तबेला पुन्हा विंचरून काढला. काही नाही. संध्याकाळी शिंगरू गेलं. आई ठणठणीत, चारा खात होती.

५ फेब्रुवारी
शिंगराच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन डॉक्टर रेवती आल्या. पुतणीच्या वयाच्या. म्हणाल्या, काका, गोचीड बाहेर काय शोधताय, रोग आईच्या रक्तात आहे. सूक्ष्म जीव, जुना. तिला तो काही करत नाही, पोटातल्याला मात्र वारेतून जातो. दुसऱ्या घोडीत न्यायला गोचीड लागतो. नाहीतर सुई.
मग सहज विचारलं, सुया वेगळ्या वापरता ना?
मी म्हणालो, बिल्कुल.
मग बाकीच्या दोघींची काळजी नको, म्हणाल्या आणि गेल्या. धीरज माझ्याकडे बघत होता.

१९ फेब्रुवारी
कस्तुरीला चार दिवस ताप होता. आज गाभडली. आतलं शिंगरू पिवळं.
धीरजने सुयांचा डबा आणून माझ्या टेबलावर ठेवला. उघडा.

२० फेब्रुवारी
डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, काका, त्याच दिवशी सांगितलं असतं तर — मैनेचे दिवस भरलेत. औषध जहाल आहे. आता दिलं तर तीही हातची जाईल. वाट बघा.

२३ फेब्रुवारी
मैना खात नाही. पोटावर हात ठेवला की आतून लाथ बसते. जिवंत आहे. जिवंत आहे.
चंद्रप्रभा कुंपणावरून बघत असते. काय ते अंग, काय ती चमक —

२६ फेब्रुवारी
सकाळी व्याली. शिंगरू उभं राहिलं! आपणहून — थानाला लागलं — धीरज रडतोय, मला मिठी मारली — घोडीच आहे — नाव अक्षया ठेवू म्हणतो —

दुपारी
आडवं झालंय. दमलं असेल. पहिलाच दिवस.
तबेल्यातला बल्ब पिवळा. त्यात सगळंच पिवळं दिसतं. माझी नखंसुद्धा.
उन्हात आणलंय. धीरजने डोकं धरलंय. तो म्हणतो, तुम्हीच बघा.
हिरड्या बघायला ओठ उचलतो —