नवव्या प्रकरणातले बाबा

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ढमू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. नवी खोली उजेडाची आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण ऐकतो. बाबाही बरे आहेत. फोनवर माझा आवाज मला दगा देतो, म्हणून लिहितेय.

एक गंमत सांगू? तुझी आई सध्या खुनाची कादंबरी वाचतेय. हसू नकोस! पुस्तक नेहमीसारखं नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक शब्द दिलाय. तो त्यांच्या वेबसाइटवर टाकला की व्हिडिओ उघडतो आणि गोष्ट तिथे पुढे सरकते. मग पुन्हा पुस्तक हातात घ्यायचं. धुक्यात बुडालेला एक धक्का, तिथून सुटणारी बोट आणि बोटीत चढलेली, पण पलीकडे कधीच न उतरलेली एक बाई. तिकीट खिडकीवरच्या म्हाताऱ्याने तिला शेवटचं पाहिलेलं, म्हणून सगळा संशय त्याच्यावर.

तो म्हातारा म्हणजे तुझे बाबा.

गेल्या हिवाळ्यात हे व्हिडिओ करणारी शूटिंगवाली मंडळी बाबांच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये आली होती. कुठल्याशा दृश्यासाठी प्लास्टरचे दात हवे होते. दिग्दर्शिकेने दात घेतले आणि म्हणाली, "काका, चेहराही द्याल का?" घरी येऊन मला म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या तोंडांसाठी दात केले, आता आपलं तोंड उघडून बघू." त्यापलीकडे चकार शब्द काढला नाही. पुस्तक कुरियरने आलं, तेव्हा कुठे मला सगळं कळलं.

दुपारची जेवणं झाली की मी पडदे ओढते. बाबा खुर्चीत, मी पलंगावर. मी मोठ्याने वाचते, ते डोळे मिटून ऐकतात. प्रकरण संपलं की टॅबलेट दोघांच्या मध्ये ठेवते. त्याचा निळसर उजेड भिंतीवर पसरतो, कपाटाच्या आरशात पाणी हलल्यासारखं होतं. मध्येच माझा डोळा लागतो. मग ते धुकं पुस्तकातून निघून हळूहळू स्वयंपाकघरापर्यंत जातं आणि मी बोटीत असते की घरात, काही उमजत नाही. जाग येते तेव्हा बाबांचा आवाज चालू असतो. क्षणभर वाटतं, हेच बोलताहेत, शेजारून.

ढमू, ते शेजारून बोलत नाहीत गं.

उन्हाळा लागता लागता त्यांना झटका आला. हातपाय बरेच सावरले, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं, शब्द सापडत नाहीत. तुला कळवलं नाही. दातांचं कॉलेज अर्धवट सोडून तू गेलीस, तेव्हा ते जे बोलले होते, "पुन्हा तोंड दाखवू नकोस," त्यानंतर तू दयेपोटी आलेली त्यांना सोसली नसती, असं मी मनाला सांगत राहिले. खरं म्हणजे मला वेगळीच धास्ती होती. मी कळवीन आणि तू येणार नाहीस.

आता नववं प्रकरण. इन्स्पेक्टर म्हाताऱ्याला विचारतो, "मुलंबाळं?" पुस्तकातला म्हातारा म्हणतो, "नाही साहेब, एकटाच." बस्स, एवढंच.

व्हिडिओत बाबा खिडकीच्या काचेवरचं धुकं बोटाने पुसतात. मग म्हणतात, "मुलगी आहे एक. लांब असते. मीच घालवली. दातांची डॉक्टर हो म्हणून हात धुऊन मागे लागलो होतो. तिला दुसरंच काही करायचं होतं. काय ते मी कधी विचारलंसुद्धा नाही."

इन्स्पेक्टर झालेला नट गोंधळतो, कॅमेऱ्याच्या मागे कुणाकडे तरी बघतो आणि पुढचा प्रश्न विचारतो.

मी दिग्दर्शिकेला फोन केला. ती म्हणाली, "ते लिहिलेलं नव्हतं हो काकू. काकांनी आपल्या मनाचं घातलं. पुन्हा घेऊ म्हटलं, तर म्हणाले, असू दे. गोष्टीत बसत नव्हतं, पण कापायला हात होईना."

व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला त्या दुपारी मी पुढचं पान उलटायला गेले, तर बाबांनी माझं मनगट धरलं. स्क्रीनवर बोट ठेवलं. मी पुन्हा लावलं. मग पुन्हा. आवाज टॅबलेटमधून येत होता आणि ओठ खुर्चीत हलत होते, शब्दाला शब्द जुळवत. "मुलगी आहे एक" पाशी ते दरवेळी माझ्याकडे बघायचे.

तेव्हापासून आम्ही त्याच प्रकरणात आहोत. खुनी कोण, अजून ठाऊक नाही. घाईही नाही.

पुस्तकाची दुसरी प्रत मागवून सोबत पाठवतेय. नवव्याचा शब्द आहे 'ओहोटी'. आधी वाच, मग बघ. यायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण दया करायला येऊ नकोस. भांडायला ये. तुला काय करायचं होतं ते त्यांना चांगलं ठणकावून सांग. ऐकू त्यांना सगळं येतं.

तुझी,
आई

खालची वाकडीतिकडी रेघ बाबांची. पेन मी दिलं नव्हतं, त्यांनीच माझ्या हातातून घेतलं.