फेब्रुवारीतल्या एकेचाळीस जणी

प्लोव्हदिव, २७ मार्च

प्रिय दोब्रिनाताई,

तुझी तब्येत बरी असेल आणि डोंगरातली थंडी आता तरी गेली असेल असं धरून लिहिते. आम्ही ठीक आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण खालच्या बाईशी भांडायला ती दोन जिने उतरून जाते, म्हणजे फार काळजी नको. रविवारी तिने चीज भरून बनित्सा भाजली होती. तुझ्या वाटणीचा तुकडा आठवणीने वेगळा काढला आणि संध्याकाळी स्वतःच खाल्ला.

यंदा तुझा मार्चचा दोरा आला नाही. आईला वाटलं टपालात हरवला, आणि मी तिला तसं वाटू दिलं. एक तारखेपासून इथे शेंबड्या पोरापासून बँकेतल्या साहेबापर्यंत प्रत्येकाच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा आहे. आता करकोचे दिसायला लागले, तसे लोक तो सोडून फुललेल्या झाडांना बांधायलाही लागलेत. स्वतःचा दोरा स्वतः विकत घेऊन बांधायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून मी महिनाभर बाही खाली ओढून हिंडते आहे.

असो. दोन आठवड्यांपूर्वी माझा प्रशिक्षणाचा वर्ग झाला. बारा सामाजिक उद्योग आले होते. कुणी अपंगांकडून साबण करून घेतं, कुणी अनाथालयातून बाहेर पडलेल्या मुलींना बेकरीत काम देतं. आपल्या कामामुळे माणसांचं नेमकं काय बदललं ते मोजायचं, आणि जे दिसेल त्याप्रमाणे काम सुधारायचं, एवढंच मी शिकवते. पहिला भाग सगळे हौसेने करतात. दुसऱ्या भागाला सगळ्यांना घाईची कामं आठवतात.

नेहमीप्रमाणे मी 'निश्का'चं उदाहरण सांगितलं. तुझी कार्यशाळा, डोंगरातल्या बायका, दोरे वळणारे हात, आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात: एकेचाळीस जणींना रोजगार. गेली चार वर्षं मी हे सांगते आहे. लोक दरवेळी माना डोलवतात आणि आकडा उतरवून घेतात.

यावेळी मागच्या बाकावर लोझानकाका म्हणून एक म्हातारे होते. मनोरुग्णालयातून बाहेर आलेल्या माणसांना ते मधमाश्या पाळायला शिकवतात. दोन तास गप्प बसून होते, मला वाटलं झोपलेत. त्यांनी विचारलं, "बाई, हे कुठल्या महिन्यात मोजलंत?"

मी म्हटलं, "फेब्रुवारीत."

"आणि दोरे कधी वळतात?"

वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं. हा प्रश्न या देशात कुणाला पडायला नको होता, कारण उत्तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. मार्चच्या एक तारखेला सगळा देश दोरे बांधतो, म्हणजे फेब्रुवारीत ते वळणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

"पोरी," ते म्हणाले (बाईवरून थेट पोरीवर!), "जूनमध्ये पेटी उघडली तर कुणीही मोठा मधुपालक दिसतो. हिवाळ्यातून किती माश्या जिवंत निघाल्या ते सांग. आणि ज्या उडून गेल्या, त्या मेल्या की दुसरीकडे घर करून बसल्या, तेही बघ. नाहीतर हे मोजणं नाही, मिरवणं आहे."

मी फळ्यावरचा आकडा पुसला नाही. त्याच्याखाली लिहिलं: फेब्रुवारी. मग सगळ्यांना सांगितलं की हे उदाहरण चुकीचं आहे, मोजणारी मी होते, आणि आता उरलेला दिवस आपण या चुकीवर काम करू. माझे साहेब, स्तानिमिर, दारात उभे होते. त्यांचा चेहरा आंबट दही खाल्ल्यासारखा झाला. चहाच्या वेळी म्हणाले, "मे महिन्यात 'निश्का'च्या तीन वर्षांच्या मदतीचा निर्णय आहे. तोवर गप्प बसायला काय घेशील?"

मी काहीच घेणार नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या एकेचाळीस जणींना फोन करायला घेतले. जुन्या यादीतले निम्मे नंबर बंद. जवळच्यांकडून, शेजाऱ्यांकडून शोधत आत्तापर्यंत सव्वीस जणी सापडल्या. पहिलाच फोन फिक्रियेला लागला. तिने माझं नाव ऐकलं आणि म्हणाली, "आत्ता बरी आठवण झाली! तुमच्या कागदावर मी चार वर्षं कामाला आहे म्हणे. मग पगार कुठं अडकलाय?"

ताई, मी हसले, आणि मग मला हसता येईना. त्या वर्षी मार्चमध्येच तिला घरी बसावं लागलं. दोन महिने तिने काहीच केलं नाही. मग तुझ्याकडे शिकलेल्या हातांच्या जोरावर स्मोल्यानच्या शिवणकारखान्यात लागली आणि अजून तिथेच आहे. म्हणजे माझ्या आकड्यात ती आहे तिथे ती नाही, आणि जिथे ती खरंच आहे ते मी कधी विचारलंच नाही. आसिने जर्मनीत स्ट्रॉबेरी तोडते आणि म्हणते, परत यायचं नाही. सेवदा म्हणाली, "दोन महिन्यांच्या कामानं काय व्हायचं? आशा लावलीत आणि उठवून दिलंत." हेही मी लिहून घेतलं.

आता जे टाळत होते ते लिहिते.

लोझानकाकांनी मला काही नवीन सांगितलं नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तू फोन केला होतास. "एलित्सा, आत्ता येऊन मोज. सात जणी उरल्यात. घरी बसलेल्यांसाठी वर्षभराचं काम कसं उभं करायचं ते सुचव." आणि मी म्हटलं होतं, "ताई, तक्ता भरून झाला, आता तो उघडत नाही." तक्ता उघडत होता. मला माझं पहिलं काम यशस्वी हवं होतं, आणि सातपेक्षा एकेचाळीस छान दिसत होते.

आणि गेला नोव्हेंबर. मी तुला वर्गात पाहुणी म्हणून बोलावलं, तू फिक्रियेला घेऊन आलीस. तू उभी राहून "खरं सांगायचं तर" एवढंच म्हणालीस आणि मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्यांनी वाजवल्या. तू टाळ्यांमध्ये खाली बसलीस. माझ्या सख्ख्या बहिणीचं तोंड मी टाळ्यांनी बंद केलं, आणि वर तुला बसथांब्यावर म्हटलं, "किती छान झालं ना!" याची मला लाज वाटते. फार वाटते.

अजून एक. हे वाचून तू चिडशील, आणि चिडण्याचा तुला हक्क आहे. गेल्या सोमवारी मी निधी देणाऱ्यांना माझ्या सहीने कळवलं की तो आकडा फेब्रुवारीतला आहे, मला एप्रिलमध्येच ते कळलं होतं, आणि 'निश्का'ने काहीही लपवलेलं नाही. काल त्यांचं उत्तर आलं. मेमधला निर्णय त्यांनी शरद ऋतूपर्यंत पुढे ढकललाय. म्हणजे तुझा उन्हाळा कोरडा जाणार. कदाचित मदत मिळणारही नाही. हे मी केलं, तुला न विचारता. माझी चूक कबूल करायला तुझी परवानगी मागितली असती, तर तुझ्या आडून अजून एक महिना काढला असता. मला माहीत आहे मी कशी आहे ते.

नवे आकडे मात्र मी पाठवलेले नाहीत. ते तुझे आणि त्या बायकांचे आहेत. काय मोजायचं, कधी मोजायचं, आणि कशाला बदल म्हणायचं, हे तुम्ही ठरवा. त्यासाठी फिक्रिये सुटी काढून तुझ्या कार्यशाळेत येणार आहे. सेवदा म्हणाली, "येईन, पण गोड बोलणार नाही." मी म्हटलं, तशीच ये. लोझानकाकाही येतो म्हणालेत, मधाची बरणी घेऊन. शरद ऋतूत निधीवाल्यांसमोर जे कागद जातील, त्यात दोऱ्यांनंतरच्या दहा महिन्यांत काय काम करायचं ते असेल. त्यांनी नाही म्हटलं, तर दुसरं दार ठोठावू. ते काम मी करते, स्तानिमिरसाहेबांनी ठेवलं तर सुट्या घेऊन आणि काढलं तर बिनसुटीचं.

हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मोजायला शिकलीस, विचारायला शिकायची राहिलीस." मग बनित्सा तुझ्यासाठी बांधून देते म्हणाली. यावेळी मी राखण करीन.

चौदा एप्रिलला सकाळच्या बसने पोचते. तू दार उघडलं नाहीस, तर बाहेरच्या बाकावर बसेन आणि आत किती जणी जातात ते मोजेन. मला निदान तेवढं येतं.

यंदाचा दोरा पाठवू नकोस. तो मिळायचा महिना मी घालवला आहे. पुढच्या वर्षी द्यावासा वाटला, तर हातात बांध.

उघड्या मनगटाची,
तुझी धाकटी,
एलित्सा