शर्वरीच्या मेलमधलं मी खोडलेलं वाक्य

प्रिय आबा,

तुम्ही गेल्याला सहा वर्षं झाली. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना तुमच्याशी दोन शब्द होतात, म्हणून पत्राची गरज कधी वाटली नव्हती. पण आज सकाळी एका परक्या बाईने मला शर्वरीबद्दल अगदी तोच प्रश्न विचारला, जो एकदा शाळेच्या पटांगणात तुम्हाला माझ्याबद्दल विचारला गेला होता. तेव्हापासून डोकं त्यातच अडकलंय. विचारू कुणाला? म्हणून तुम्हालाच लिहायला बसलो.

तुमची नात आता सतरा वर्षांची आहे. अजून जिम्नॅस्टिक्स करते. आठवतं, ती सात वर्षांची असताना तुम्ही फोनवर मापं घेऊन तिच्यासाठी लाल झग्यासारखा पोशाख शिवून पाठवला होतात? गावातल्या सगळ्या पोरांचे कपडे शिवलेत तसाच तोही वाढत्या अंगाचा! उलटी उडी मारताना तो तिच्या तोंडावर यायचा. "बाबा, आबांना सांग ना, टाइट पाहिजे ला!" असं ती म्हणायची, इथे परदेशातल्या पोरांसारखं शेवटी 'ला' लावून. मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. अंगाला येईपर्यंत दोन वर्षं ठेवून दिला, आणि मग तिने तो सरावाला झिजेपर्यंत घातला.

आता तिला अमेरिकेतल्या कॉलेजच्या संघात जायचंय. शिक्षण आणि खेळ दोन्ही तिथेच. त्याची रीत ऐकाल तर हसाल. मुलीने स्वतः तिथल्या कोचना मेल लिहायचा, आपल्या कसरतींचे व्हिडिओ पाठवायचे आणि मी किती चांगली आहे हे स्वतःच सांगायचं! आबा, स्वतःच! मध्ये ना शिक्षक, ना कुणाची शिफारस.

शर्वरीने मेल लिहिला आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "बाबा, जस्ट चेक ग्रामर, ओके? सगळं बरोबर असेल तर पाठवून टाक." आणि आम्ही राहतो त्या बेडोकच्या मार्केटमध्ये आईबरोबर, मंजिरीबरोबर, भाजी आणायला गेली.

व्याकरण ठीकच होतं. पण एक वाक्य मला टोचलं. 'बीमवर मी सर्वात भक्कम आहे आणि पहिल्याच वर्षापासून तुमच्या संघासाठी गुण मिळवीन.' बीम म्हणजे छातीएवढ्या उंचीवरची, वीतभरही रुंद नसलेली पट्टी. तिच्यावर या मुली कोलांट्या मारतात. मला वाटलं, असं कसं लिहायचं? लोक काय म्हणतील? आणि उद्या त्याच पट्टीवरून पाय घसरला तर? बँकेतही माझं काम तेच, दुसऱ्यांच्या अहवालातली मोठी वाक्यं लहान करायची. मी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'बीमवर मला अजून बरंच शिकायचं आहे. आपल्या मार्गदर्शनाने सुधारण्याची आशा आहे.' वाचून समाधान वाटलं. नऊ कॉलेजांना पाठवून दिला.

तीन आठवडे शांतता. मग एका कॉलेजचं उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, पण आम्हाला बीमवर आत्ता तयार असलेली मुलगी हवी आहे, तुला शुभेच्छा.

शर्वरीने ते दोनदा वाचलं. मग खाली सरकून आपलाच मेल वाचला.

"बाबा, हे मी नाही लिहिलं."

"अगं, थोडं नम्रपणे..."

"नम्रपणे? त्यांना वाटलं, मला बीम येत नाही!" तिचा आवाज चढला नव्हता, तेच मला जास्त लागलं. "तुला खरंच वाटतं का, मी चांगली नाही?"

"नाही गं! तू फार चांगली आहेस."

"मग बोल ना. बारा वर्षं रोज सरावाला सोडायला येतोस. एकदाही बोलला नाहीस."

आबा, मी खरंच आठवू लागलो. देवापुढे तिचं नाव घेऊन कितीदा तरी म्हटलंय. तिच्यापुढे एकदाही नाही.

आणि तेव्हा मला ते पटांगण आठवलं. मी सातवीत होतो. क्रीडा वसतिगृहासाठी मुलं निवडायला तालुक्याहून साहेब आले होते. मी मल्लखांबावर चढलो, उतरलो, एकही चूक नाही. तुम्ही दुकान बंद करून आला होतात, गळ्यात मापाची पट्टी तशीच होती. साहेबांनी विचारलं, "तुमचा का मुलगा? कसा काय आहे?" तुम्ही हात जोडून म्हणालात, "बरा आहे साहेब. अजून कच्चा आहे." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या मुलाकडे वळले.

घरी जाताना तुम्ही मला भेळ घेऊन दिलीत. कशाबद्दल होती ती भेळ, आबा? मी चांगला खेळलो म्हणून, की निवड न होता घरीच राहिलो म्हणून?

मला राग नाही. खरंच नाही. पण उत्सुकता मात्र आहे. तुम्हाला मी खरंच कच्चा वाटत होतो? की चारचौघांत कौतुक केलं तर दृष्ट लागेल असं वाटलं? की वसतिगृहात गेलो असतो तर घर रिकामं झालं असतं, हे तुमच्या मनात आलं?

हा शेवटचा प्रश्न मला आधी कधी पडला नव्हता. तो पडला तो माझ्याच हातामुळे. ते वाक्य खोडताना मला फक्त नम्रता आठवत होती का? बेडोकहून अमेरिका किती लांब आहे, हेही कुठेतरी आत होतंच. आता उत्तर माझं मलाही देता येत नाही, तर तुमचं कुठून मागू?

शर्वरीने उरलेल्या आठ कोचना पुन्हा मेल पाठवला, तिच्या वाक्यासकट. मला हातही लावू दिला नाही. एकीचं उत्तर आलं आणि आज सकाळी व्हिडिओवर बोलणं ठरलं. वीस मिनिटं त्या दोघी बोलत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. शेवटी कोचबाई म्हणाल्या, वडील आहेत का? मी खुर्चीत बसलो. त्यांनी विचारलं, "तुमची मुलगी कशी आहे?"

आबा, माझे हात आपोआप जोडले जात होते! मी ते टेबलाखाली धरून ठेवले. म्हटलं, "बीमवर ती फार चांगली आहे. पडली तर रडत नाही, पुन्हा चढते. तुमच्या संघाला तिचा उपयोग होईल." एवढंच. शर्वरी माझ्याकडे असं बघत होती, जणू मीच बीमवर उभा होतो.

व्हिडिओ कॉल बंद झाल्यावर मी उठलो, मूठभर मीठ-मोहरी घेतली, तिला पूर्वेला तोंड करून बसवलं आणि ओवाळून टाकली.

"बाबा, काय करतोयस? तव्यावर टाकू नको, अलार्म वाजेल ला!"

वाजलाच. मंजिरी हातात टॉवेल घेऊन धूर घालवत होती आणि शर्वरी पोट धरून हसत होती. तेव्हा वाटलं, आबा, आपल्या घरात आई होती, मीठ होतं, मोहरी होती. बोलून टाकायचं आणि मग दृष्ट काढायची, हे तुम्हाला त्या दिवशी का सुचलं नाही? मलाही सुचायला पन्नाशी यावी लागली, म्हणा.

कोचबाई दोन आठवड्यांत कळवतील. जागा मिळेल की नाही, देवाला ठाऊक. पण तुम्हाला शब्द देतो. ती गेली तर इथल्या चांगी विमानतळावर, सगळ्यांदेखत, मी तिला कोचबाईंना सांगितलेलं ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवीन. आणि नाही गेली, तर इथेच, जेवणाच्या टेबलावर, तितक्याच मोठ्याने.

तुमचा, मल्लखांबावर न चुकलेला,
दत्तू