मामींचा चेहरा, दोन बोटांएवढा

रिओ आबाहो, पनामा शहर
मंगळवार

आदरणीय एदिल्बेर्तो मामांना भाची यारिएलाचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं मलम तुम्ही लावत नसणार, हे गृहीत धरून पुढे लिहिते. पोपट बरा असेल. इकडे मी आणि एरास्मो (तोच, ज्याला तुम्ही 'वाळकी शेंग' म्हणता) खुशाल आहोत. तीन वर्षं खपून केलेला आमचा बसचा खेळ येत्या वीस तारखेला दुकानात लागतो आहे. दुकान म्हणजे फोनवरचं. तिथे खेळांची चित्रं ओळीनं मांडलेली असतात आणि गिऱ्हाईक त्यांच्यावरून नुसता अंगठा सरकवत जातं. अंगठा आपल्या चित्रावर थांबला तर ठीक. पहिल्या आठवड्यात थांबला नाही, तर दुकान आपल्याला मागच्या फळीवर टाकतं, आणि तिथून परत आलेला खेळ मी तरी पाहिलेला नाही. तसं झालं तर एरास्मो भावाच्या टायरच्या दुकानात जाईल आणि मी पुन्हा बँकेत फोन उचलायला बसेन. हे मी शांतपणे लिहिते आहे. आमच्या दोघांत शांत राहण्याचं काम माझ्याकडे आहे.

तुम्ही पाठवलेलं चित्र पोहोचलं. मी 'दुकानासाठी एक चित्र काढून द्या' एवढंच कळवलं होतं, बसगाड्या रंगवणाऱ्या माणसाला आकार कळवला नव्हता, ही चूक माझी. दोन मीटर पत्रा कोलोनच्या बसच्या टपावर बांधून आला. उतरवताना तीन प्रवाशांनी तो नव्या बसचा दरवाजा समजून 'ही कुठे जाते?' म्हणून विचारलं. आम्ही तो भिंतीला टेकवला आणि त्यापुढे बराच वेळ बसून राहिलो. मामा, चित्र अप्रतिम आहे. बस आहे, समुद्र आहे, वाघ आहे (खेळात वाघ नाही, पण असो), कोंबडा, दोन देवदूत, ज्वाळा, तुमची तरुणपणची मिशी, आमच्या दोघांच्या आईवडिलांची नावं, आणि खाली वळणदार अक्षरांत 'जळणाऱ्यांनी मागच्या दारानं उतरावं'. एरास्मोनं मोजलं, एकतीस गोष्टी भरल्या. पत्र्याची बोटभर जागा मोकळी दिसली तर बसचा मालक 'रंग संपला का हो?' विचारतो, हे मला ठाऊक आहे. चाळीस वर्षांत तुम्हाला हे कुणी विचारलेलं नाही, हेही ठाऊक आहे.

अडचण अशी, की दुकानात हा पत्रा दोन बोटांएवढा दिसतो. आम्ही फोटो काढून तेवढा करून पाहिला. एरास्मो म्हणाला, "कुणीतरी भाजीच्या टोपलीवर पाय दिलाय." (त्याला मी बोलले. तुम्हीही बोला.) शिवाय दुकानवाल्यांचं पत्र आलं, की चित्रावर खेळाच्या नावाखेरीज एकही अक्षर चालणार नाही. म्हणजे आईवडील गेले, आणि जळणारेही गेले.

मग एरास्मोनं स्वतः एक चित्र केलं. समुद्र, सूर्यास्त, आणि लांबवर एक मोकळी बस. फार नीटनेटकं. ते आणि तुमचा पत्रा, दोन्ही फोनवर घेऊन आम्ही सेन्योरा मेल्वाच्या खाणावळीत गेलो. तिथे आमची परीक्षा घ्यायची पद्धत अशी: मेल्वाबाई कढईतली ओहाल्द्रेची पुरी उलटतात तेवढा वेळ फोन हातभर लांब धरायचा, मग खिशात घालायचा आणि विचारायचं, काय पाहिलंत? सूर्यास्ताला पाचपैकी चौघं म्हणाले, बँकेची जाहिरात. पाचवा म्हणाला, विम्याची. पत्र्याला एक गृहस्थ म्हणाले, लग्नपत्रिका. मेल्वाबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "मुली, यात काहीतरी आहे खरं. पण ते सापडेपर्यंत माझं तळण करपेल."

पुढचं अपघातानं घडलं. माझी बोटं तेलकट होती. फोन पुसताना चित्र एका कोपऱ्यात भलतंच मोठं झालं, आणि तसंच ते बंदरावर काम करणाऱ्या एका धिप्पाड माणसासमोर धरलं गेलं. त्यानं पाहिलं, घास तोंडात तसाच ठेवला आणि मुकाट्यानं खिशात हात घातला. मी म्हटलं, काय झालं? तो म्हणाला, "सुट्टे द्या म्हणतेय ना ही बाई!" दुसऱ्याला दाखवलं. त्यानंही खिसा चाचपला. मेल्वाबाईंनी तर पदार्थ ताटलीत टाकून हात पुसले आणि म्हणाल्या, "अगं, हिला सांग, मी मागच्या थांब्यालाच चढले!"

मी फोन वळवून पाहिलं. डाव्या कोपऱ्यात, कोंबड्याच्या मागे, बसच्या खिडकीतून अर्ध्या बाहेर आलेल्या, तळहात पुढे केलेल्या, नित्सिया मामी.

पंचवीस वर्षं कोलोनच्या बसवर कंडक्टर होत्या त्या, त्यामुळे खेळातली कंडक्टरीण त्यांच्यावरूनच घेतली आहे. पण मी त्या कोपऱ्याकडे पाहिलंच नव्हतं. वाघाकडे पाहत बसले. एरास्मोनं लगेच बाकीचं सगळं चित्र कापून टाकलं आणि फक्त तो कोपरा दोन बोटांचा केला. खाणावळीतल्या बारापैकी अकरा माणसांनी खिशाला हात लावला. (बाराव्याला खिसा नव्हता.)

तर एकंदरीत तुमचं चित्र सर्वांना आवडलं, आम्ही ते आनंदानं वापरतो आहोत, आणि तुम्हाला आणखी काही त्रास द्यायची गरज उरलेली नाही. गुडघ्याला जपा. पोपटाला माझी आठवण सांगा. एरास्मो वाकून नमस्कार सांगतो.

तुमची,
यारिएला

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद सगळा खोटा आहे. चित्र वापरता येत नाही. मामींचा चेहरा पत्र्यावर अंगठ्याच्या पेराएवढा आहे आणि हनुवटी कोंबड्याच्या शेपटीमागे गेली आहे. दुकानाला मोठी प्रतही लागते, आणि तेवढा मोठा केला की नुसते ठिपके दिसतात. मी स्वतः काढून पाहिला, तर एरास्मोनं विचारलं, "या कोण, नगराध्यक्षा?" हा चेहरा तुम्हालाच येतो. तेव्हा मामा, पुन्हा काढून द्या. एकट्या मामी, खिडकी, तळहात, आणि मागे कोरं निळं आभाळ. रिकामं. तुम्हाला रिकामी जागा बघवणार नाही, मला कळतं. पण त्यांच्याभोवती तीस गोष्टी रचून त्यांना कोपऱ्यात का बसवलंत, तेही मला आता थोडंसं कळतं, आणि वाईट वाटतं.

ता. क. २. त्यांच्या परवानगीशिवाय त्यांचा चेहरा जगभर लावणं बरं दिसणार नाही, म्हणून मी लास ताब्लासला त्यांच्या बहिणीकडे फोन केला. (मामी कार्निव्हलला चार दिवस म्हणून तिथे गेल्या आणि दुसरा कार्निव्हलही होऊन गेला. कारण तुम्हा दोघांना ठाऊक, मी विचारलं नाही.) मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लावा खुशाल. पण आठवणीतून काढायचं नाही. आठवणीतून काढलं की तो माणूस मला कायम रागावलेलीच काढतो. समोर बसून काढ म्हणावं त्याला. मी काय नुसतीच ओरडत होते का गं पंचवीस वर्षं?" मग म्हणाल्या, "गुडघ्याला पट्टा बांधून ये म्हणावं."

ता. क. ३. इथल्या अल्ब्रूक बसस्थानकातून लास ताब्लासची बस शनिवारी सकाळी आहे. तिकीट मी काढलं आहे, जाण्याचं फक्त. रंगांची पेटी मांडीवर ठेवा, टपावर नको.

ता. क. ४. एक नाजूक गोष्ट, जी एरास्मो सांगायला धजत नाही, म्हणून मी लिहिते. लोक खिशात हात घालतात ते त्या रागाला भिऊन. मामी तुम्हाला दारात पाहून हसल्या, तर आमची तीन वर्षं पाण्यात गेली. म्हणून हात जोडून विनंती, मामा: गेल्या गेल्या माफी मागू नका. आधी त्यांच्या बहिणीच्या सांकोचोच्या रश्श्याला नावं ठेवा, चेहरा पुरा काढून घ्या, रंग वाळू द्या, आणि मग काय मागायचं ते मागा.