दोन पुरुष आणि एक शेगडी

२ डिसेंबर १९७३, रविवार
हे पहाटेच्या गाडीने बराकपूरला. गळ टाकायला! आमच्या घरात माशाला कुणी शिवत नाही, हेही खात नाहीत. पकडायचा आणि ऑफिसातल्या सान्यालबाबूंना देऊन यायचं. हौसेला मोल नाही. तळ्याकाठी ह्यांनी आणि सान्यालांनी मिळून बांबूचं खोपटं उभारलंय, चहूबाजूंनी ताडपत्री, आत कोळशाची शेगडी. का, तर थंडी! नाशकात ह्याच्या दुप्पट गारठ्यात मी उघड्या अंगणात सडा घातलाय. इथे हवा जरा बदलली की सगळं बालीगंज माकडटोपीत. ह्यांनीही घेतली.

३ डिसें.
ह्यांचं डोकं ठणकतंय, दोनदा ओकले. ऑफिसला दांडी. संध्याकाळी सान्याल आले, त्यांचंही तेच. "ठांडा लेगेछे, बौदी." थंडी बाधली म्हणे, वहिनी. झालं निदान. उपाय काय? ताडपत्रीवर दुसरी ताडपत्री, फटींत चिंध्या.
म्हटलं, थंडी नव्हे, शेगडी बाधतेय. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवली की आई खिडकी किलकिली करायचीच, कुणी कितीही ओरडो.
हे म्हणाले, "तिथे बाळंतीण असते. इथे दोन पुरुष आहेत."
दोन पुरुष. बरं.

१० डिसें.
काल हे तळ्यावरून आले ते जिन्यातच बसले. पाय उचलेनात. आणि म्हणतात काय, चिंध्या कमी पडल्या! अकलेचे कांदे. पण हसू येईना, भीतीच वाटली. दुपारी मी सान्यालांच्या बायकोकडे गेले. तिच्या मते हे सगळं पित्त. वर नवऱ्यासाठी नवी रजई करून ठेवलीय, खोपट्यात न्यायला. धन्य! तरी तिला गळ घातलीच: येत्या रविवारी आपण दोघी मागून जाऊ, पिकनिक म्हणून.

१७ डिसें.
लिहवत नाही. काल आम्ही पोचलो तेव्हा धुकं होतं. काठ्या पाण्यावर, माणसांचा आवाज नाही. ती म्हणाली, "घुमोच्छे." झोपलेत! मी ताडपत्री ओढली, निघेना. आतून बांधलेली. डब्यातल्या सुरीने फाडली. सान्याल रजईत कलंडलेले. हे बसलेले, डोळे उघडे, मला ओळखेनात. दोघींनी काखेत धरून गवतावर ओढलं. मी ह्यांच्या थोबाडीत मारली. लग्नानंतर पहिल्यांदा. मग रडले, मोठ्याने, त्या बाईच्या गळ्यात पडून.
बऱ्याच वेळाने दोघे शुद्धीवर आले. ह्यांचं पहिलं वाक्य: "ताडपत्री कुणी फाडली?"

१८ डिसें.
डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कोळशाचा विषारी वायू. आणखी थोडा वेळ आत राहिले असते तर... ह्यांनी मान डोलावली. बाहेर पडल्यावर म्हणे, "डॉक्टर कधी तळ्यावर बसलेत का?"

२१ डिसें., शुक्रवार
सान्याल आले. चेहरा अजून पांढरा, उत्साह तोच. ऑफिसभर सांगितलंय की थंडीने जीवच घेतला असता. नवी ताडपत्री आणलीय, जाड, मिलिटरीची. "रोबिबार?"
मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. वाटलं, आता नाही म्हणतील.
म्हणाले, "बघू."
मरता मरता वाचलेला माणूस, आणि बघू! रविवार परवावर आलाय.